वय आणि दृष्टी : आरोग्यपाठासाठी टिपण

मराठी भाषेने डोळ्याच्या एका अवस्थेला माणसाच्या वयाचेच नाव देऊन ठेविले आहे. जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्यास चाळिशी म्हणतात. हे नाव ज्यांनी प्रथम वापरले त्यांनी शास्त्राचे पुस्तक उघडले नसेल. पण त्यांचे निरीक्षण चोख होते. मात्र या शब्दामागून एक गैरसमजही घरोघर शिरला आहे. चष्मा ही उतरत्या वयाची गोष्ट आहे, लहान मुलाचा डोळा नवा म्हणून निर्दोष असावयाचाच, असे पुष्कळांस वाटते. त्यामुळे आजीला दिसत नाही याची घरात चर्चा होते आणि नातीला दिसत नाही हे कोणाच्या मनातही येत नाही.

मसुऱ्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. आजी खळ्यात बसून तांदूळ निवडीत आहे आणि खडा दाताखाली येतो म्हणून सून कुरकुर करीत आहे. मुलगा मुंबईहून आंगणेवाडीच्या जत्रेसाठी आला आहे. वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो आणि दिवा मंद आहे असे म्हणतो. नात तिसरीत आहे. फळ्यावरचे उतरून घेण्यात तिच्या चुका होतात, म्हणून तिला धांदरट ठरविण्यात आले आहे. पाळण्यात सात महिन्यांचे मूल आहे व त्याच्या डोळ्यांत ठळक काजळ आहे. या चौघांच्याही डोळ्यांविषयी काही सांगण्यासारखे आहे. परंतु चौघांचे काम सारख्याच निकडीचे नाही. मुलाच्या चाळिशीला चार महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही. आजीचा मोतीबिंदू असेल, तर आज गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. तिसरीतल्या नातीचा एक डोळा मंद असेल, तर मात्र तिच्याजवळ वेळ फार थोडा आहे. कोणत्या दोषाला वाट पाहता येते व कोणत्याला येत नाही, हे शिक्षकाने प्रथम समजून घ्यावे. आरोग्याच्या पुस्तकात हे सारे दोष एका ओळीत दिलेले असतात, त्यावरून हा फरक कळत नाही.

जन्मलेल्या बालकाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो; प्रौढाचा सुमारे २४ मिलिमीटर. म्हणजे शरीराबरोबर डोळाही वाढतो. ही वाढ बेतात झाली तर दूरच्या वस्तूचे चित्र बरोबर मागील दृष्टिपटलावर पडते. डोळा आखूड राहिला तर ते चित्र दृष्टिपटलाच्या मागे आणि लांब झाला तर पुढेच तयार होते. लांब झालेल्या डोळ्यास जवळचे दिसते, दूरचे अंधुक होते. यास ऱ्हस्वदृष्टी म्हणतात व त्यावर अंतर्गोल भिंग देतात. आखूड डोळ्यास बहिर्गोल भिंग लागते. पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, बाक आडवा-उभा सारखा नसेल तर दूरचे आणि जवळचे दोन्ही पसरट दिसते. त्यासाठी निराळ्या घडणीचे भिंग आहे.

इतके कोणत्याही पुस्तकात सापडते. जे सहसा सापडत नाही ते असे की मूल डोळ्याने पाहावयास शिकते. दृष्टिपटलावरचे चित्र मेंदूकडे जाते आणि त्या चित्राचा अर्थ लावण्याचा सराव मेंदू जन्मापासून करीत असतो. हा सराव मुख्यतः वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत पुरा होतो. त्या काळात एका डोळ्याचे चित्र सतत पुसट येत राहिले, किंवा डोळा तिरळा असल्यामुळे दोन डोळ्यांची चित्रे जुळली नाहीत, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. डोळा दिसावयास निरोगी असतो, पण त्याने पाहणे सोडून दिलेले असते. यास मंददृष्टी किंवा आळशी डोळा म्हणतात. वेळीच योग्य चष्मा दिला आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चांगला डोळा दररोज काही तास झाकून मंद डोळ्यास कामास लाविले, तर दृष्टी पुष्कळ सुधारते. वय वाढेल तसा उपायाचा गुण कमी होत जातो. मूल मोठे झाल्यावर कितीही चांगला चष्मा आणला तरी त्या डोळ्यास पूर्ण दिसेलच असे नाही, कारण उणीव भिंगाची राहिलेली नसून सरावाची झालेली असते. तिरळेपणा भाग्याचे लक्षण मानून किंवा ‘मोठेपणी जाईल’ म्हणून वर्षे दवडणारी घरे अजून आहेत. सहा महिन्यांच्या पुढे टिकलेला तिरळेपणा हा नेत्रतज्ज्ञास दाखविण्याचाच विषय होय.

या दोषाची दुसरी अडचण अशी की तो तक्रार करीत नाही. एक डोळा चांगला असला की मूल धावते, वाचते, झाडावर चढते. शिक्षक फळ्याकडे बोट दाखवून ‘दिसते का’ असे विचारतो आणि सारा वर्ग एका आवाजात होकार देतो. असल्या होकाराला काही किंमत नाही. प्रत्येक मुलाचा प्रत्येक डोळा निराळा तपासल्याखेरीज मंद डोळा सापडत नाही.

या तपासणीस लागणारे साहित्य शाळेतच तयार होते. नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली अक्षरांचा जो तक्ता प्रसिद्ध केला, तोच थोड्याफार फरकाने जगभर चालतो. ज्या मुलांस अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तीन दात्यांच्या फणीसारखे एकच चिन्ह वापरतात. इंग्रजीतील मोठ्या ‘ई’ अक्षरासारखे. त्याचे दाते वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे असतात आणि मुलाने ती दिशा हाताने दाखवावयाची असते. पांढऱ्या पुठ्ठ्यावर सुमारे १३ मिलिमीटर उंच व तितकेच रुंद असे चिन्ह काळ्या शाईने रेखावे. प्रत्येक दात्याची जाडी आणि दोन दात्यांमधील फट उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकी असावी. हे ६/९ चे चिन्ह झाले. निरोगी डोळ्याला जे ९ मीटरवरून ओळखता यावे ते ६ मीटरवरून ओळखता येते, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

शाळेच्या व्हरांड्यात टेपने ६ मीटर मोजून दोन्ही टोकांस खडूची रेघ मारावी. पुठ्ठ्यावर चांगला उजेड पडावा, पण मुलाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की व्हरांड्यात दुपारी तीनलाच तिन्हीसांज होते; तशा दिवशी तपासणी करू नये, नाहीतर निम्मा वर्ग नापास होईल. प्रथम जवळून खेळ म्हणून चिन्ह दाखवावे. मग मुलास रेघेवर उभे करून त्याच्या तळहाताने एक डोळा झाकावयास सांगावे. बोटांनी झाकू देऊ नये, कारण मूल फटीतून पाहते. डोळा दाबूही देऊ नये, कारण मग हात काढल्यावर त्या डोळ्याला काही क्षण अंधुक दिसते. पुठ्ठा चार दिशांना फिरवून चार वेळा विचारावे. एकाही डोळ्याने उत्तरे चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे आणि तरीही चुकली तर नाव निराळे लिहून घ्यावे. मूल डोळे बारीक करून पाहत असेल तर उत्तर बरोबर आले तरी नाव लिहावे. रांगेतील बाकीच्या मुलांस दूर बसवावे. ती दिशा आधीच पाठ करून येतात, आणि यात त्यांची हुशारीच दिसते.

ही तपासणी म्हणजे निदान नव्हे. शिक्षकाने नंबर ठरवावयाचा नाही किंवा पालकांस घाबरवावयाचेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेतील मुलांस वर्षातून एकदा व अंगणवाडीतील मुलांस दोनदा तपासते. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलांस चष्मे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. पथक येईल त्या दिवशी नावांची यादी तयार असली तर त्याचे काम निम्मे हलके होते. पथक येऊन गेले असेल तर मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहू नये. पालकांनी मुलास घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व तेथून सांगतील त्याप्रमाणे ओरोसच्या शासकीय रुग्णालयात दाखवावे. पहिली-दुसरीतील मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याच्या डोळ्याच्या सरावातील केवढा भाग, हे वर आलेच आहे.

मंद डोळा दडून राहतो. ऱ्हस्वदृष्टी मात्र पाहणाऱ्यास दिसते. ती बहुधा आठ ते बारा या वयात सुरू होते आणि पौगंडावस्था संपेपर्यंत वाढत राहते. मागच्या बाकावरचे मूल शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरविते, पुस्तक नाकाशी धरते, चेंडू अंगावर आल्यावर हात पुढे करते. भरतगडावर सहल गेली असताना खाडीपलीकडचा भगवंतगड सर्वांना दिसतो आणि एक मूल नुसते ‘हो’ म्हणते. अशा मुलास बाईंनी आळशी ठरविण्याआधी ६ मीटरच्या रेघेवर उभे करावे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढते म्हणून. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही तो थांबत नाही. मैदानाचा उपयोग मात्र होतो. चीनमधील ग्वांगझू शहरातील शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांस तीन वर्षे दररोज ४० मिनिटे अधिक वेळ बाहेरच्या उजेडात ठेविले. त्या मुदतीत नव्याने ऱ्हस्वदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण या शाळांत सुमारे ३० टक्के, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत सुमारे ४० टक्के आढळले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गावातील मुलास मोकळे मैदान आयतेच लाभलेले आहे. पण आता संध्याकाळी ते मोबाइल घेऊन ओट्यावर बसते. खेळाचा तास गणितासाठी घेण्याची जी रीत काही शाळांत आहे, तिचा या दृष्टीने फेरविचार व्हावा.

पाळण्यातल्या मुलाविषयी थोडक्यात. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बोटाबरोबर जंतू जातात आणि विकतच्या काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळलेले आहे. मध, दूध, तुळशीचा रस यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. बाहुलीत पांढरी झाक दिसली, छायाचित्रात एकच डोळा पांढरा चमकला, किंवा तीन महिन्यांचे मूल आईच्या तोंडाकडे नजर लावीत नसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा फार कमी वजनाच्या बालकाचे दृष्टिपटल जन्मानंतर महिन्याभराच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावयाचे असते. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस देतात व पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. या जीवनसत्त्वाच्या अभावाने प्रथम रातांधळेपणा येतो, मग पारपटल कोरडे पडून फुटू शकते. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर होणारी शेगलाची भाजी, परसातला पपया, तांबडा भोपळा, पावसाळ्यातला टाकळा यांत या जीवनसत्त्वाचा पुरवठा आहे. वर्षातून एका सणापुरती शेगलाची भाजी पुरत नाही, एवढेच.

आता बापाकडे वळावे. बाहुलीमागचे नेत्रभिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते व दूरचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते कठीण होत जाते. याचा एक प्रयोग पाचवी-सहावीच्या मुलांस घरी करावयास द्यावा. बारीक अक्षराचा कागद हातभर अंतरावर धरून हळूहळू डोळ्यांजवळ आणावा आणि अक्षर पुसट होऊ लागताच अंतर मोजपट्टीने मोजावे. ज्यांस दूरचा चष्मा आहे त्यांनी तो लावूनच मोजावे. दहा वर्षांच्या मुलास ७-८ सेंटीमीटर, विशीतल्या ताईस सुमारे १०, चाळिशीतल्या वडिलांस २० ते २५, आणि साठीतल्या आजोबांस जवळजवळ एक मीटर असे आकडे येतील. माणसामाणसांत थोडा फरक पडेल. मुलांनी वय आणि अंतर यांचा तक्ता करून आणावा. फळ्यावर सगळ्या घरांचे आकडे मांडले की चाळिशी हा रोग नसून डोळ्याचे वय आहे, हे व्याख्यान न देता कळते. घरातील मोठ्यांस आपली दृष्टी मोजण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असते.

यावर बहिर्गोल भिंगाचा चष्मा हा साधा उपाय आहे. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिले चष्मे झाले तेही याच दोषासाठी; ऱ्हस्वदृष्टीचे चष्मे त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी आले. जत्रेत किंवा बाजारात मिळणारा तयार चष्मा दोन्ही डोळे सारखे असलेल्या माणसास वाचनापुरता चालून जातो, यात वावगे काही नाही. पण तो मुलास कधीही घेऊ नये. शिवाय तयार चष्मा घेणारा डॉक्टरकडे जात नाही आणि तेवढी एक तपासणी चुकते. ती तपासणी काचबिंदूची होय. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस सुकत जाते. बहुतेकांस दुखत नाही, समोरचे दिसत राहते, बाजूची दृष्टी मात्र कडेने हळूहळू नाहीशी होते. आणि गेलेला भाग कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेला तेवढा राखता येतो. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर, आणि आईवडिलांस काचबिंदू असल्यास त्याआधीच, डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी दिसण्यात फरक नसला तरी दरवर्षी दृष्टिपटल दाखवावे. नावांच्या सारखेपणाने काचबिंदू व मोतीबिंदू ही भावंडे वाटतात, पण एकाची दृष्टी परत येते आणि दुसऱ्याची येत नाही.

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असे धरून चालू. नेत्रभिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. त्याची एक फसवी पायरी आहे. सत्तरीतली आजी एके दिवशी आनंदाने सांगते की आता चाळिशीशिवाय पोथी वाचता येते, देवाची कृपा झाली. प्रत्यक्षात नेत्रभिंगाचा गाभा घट्ट होऊन डोळा ऱ्हस्वदृष्टीकडे झुकलेला असतो. हा पुष्कळदा मोतीबिंदूचा आरंभ होय. ‘अजून पिकला नाही’ हा शब्दप्रयोग जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. त्या काळी भिंग पूर्ण कठीण झाल्यावर काढणे सोयीचे पडे आणि नंतर जाड काचांचा चष्मा जन्मभर वागवावा लागे. लंडनमध्ये हॅरोल्ड रिड्ली यांनी १९४९ साली काढलेल्या भिंगाच्या जागी प्रथम कृत्रिम भिंग बसविले. युद्धात विमानांच्या फुटलेल्या खिडक्यांचे पारदर्शक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा ते सोसतो, हे त्यांनी पाहिले होते. आज भिंग बसविण्याची ही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते व पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. तांदळातला खडा दिसेनासा झाला, पायरी चुकू लागली, म्हणजे वेळ झाली. उलट फार पिकू दिल्यास शस्त्रक्रिया अवघड होते. कोणत्याही थेंबाने मोतीबिंदू विरघळत नाही.

वयाशी संबंध नसलेली, पण या भागात नेहमी घडणारी एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. भातकापणीच्या दिवसांत पात्याचे टोक किंवा कुसळ डोळ्यास लागते. ओरखडा बारीक असतो, म्हणून माणूस डोळा चोळून पुन्हा कापणीस लागतो. अशा जखमेतून बुरशी शिरते व पारपटलावर व्रण होतो. तो भरला तरी पांढरे फूल कायम राहते. दुकानातून लाली घालविणारे थेंब म्हणून आणलेल्या औषधात स्टेरॉइड असले तर हा व्रण झपाट्याने वाढतो. पाते लागल्यावर डोळा लाल राहिला, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; कापणी एक दिवस थांबू शकते. पानाचा चुना डोळ्यांत गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटे धरावी, पापणीखालचे चुन्याचे कण धुऊन काढावेत आणि मगच वाहन शोधावे. डोळे येण्याची साथ नजरेने पसरत नाही. हात, रुमाल व टॉवेल यांनी पसरते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ती मोठ्या प्रमाणात आली होती. अशा मुलास डोळे निवळेपर्यंत घरी ठेवावे.

मुलाला चष्मा मिळाला म्हणजे शिक्षकाचे काम संपले असे होत नाही. विनामूल्य मिळालेले पुष्कळ चष्मे दप्तरात किंवा घरच्या फळीवर राहतात. ‘चष्मिस’ म्हणून चिडविणे हे एक कारण. मुलीच्या बाबतीत पुढे लग्नाला अडचण होईल ही आईची धास्ती हे दुसरे. यावर उपदेश करण्यापेक्षा बाईंनी स्वतःची चाळिशी वर्गात उघडपणे लावावी, आणि चष्मा असलेल्या मुलास पहिल्या आठवड्यात फळ्यावरचे मोठ्याने वाचण्याचे काम द्यावे. वर्गाला त्याचा फरक ऐकू येतो. दमट हवेत काड्यांचे खिळे गंजतात, काचांवर बुरशीचे डाग धरतात. रोज साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती फडक्याने पुसावे, सदऱ्याच्या टोकाने नव्हे. मुलाचे डोके वाढते, तशी चौकट आखूड पडून नाकावर वळ उठतात व मूल चष्मा काढून ठेवते. म्हणून दर जूनमध्ये, वजन-उंचीच्या नोंदीबरोबरच, चष्मा असलेल्या प्रत्येक मुलास पुन्हा रेघेवर उभे करावे : एकदा चष्मा लावून उजवा डोळा, एकदा डावा, आणि शेवटी कानामागे बोट घालून काडी रुतते का ते पाहावे.